आधी मीटर, मग फूट : अंबाजोगाईच्या एका डायव्हर घड्याळाची डायल तपासताना

अंबाजोगाईच्या एका घरात रोलेक्स सबमरिनर होतं, मॉडेल ५५१३, पाण्याखाली उतरणाऱ्यांसाठी बनवलेलं, म्हणजे ‘डायव्हर’ घड्याळ. आजोबा, म्हणजे घरचे आबा, मर्चंट नेव्हीत होते, इंजिन-रूमला. १९६९ साली हाँगकाँगला जहाज लागलं तेव्हा त्यांनी ते नवं घेतलं आणि निवृत्तीपर्यंत हातातून काढलं नाही. डबा, पावती, पुस्तिका यातलं आता काहीच उरलेलं नाही. आजोबांच्या मागे घड्याळ मुलीकडे आलं. या ताई शाळेत शिक्षिका आहेत. मुलाच्या पुढच्या शिक्षणासाठी पैसे उभे करायचे होते, म्हणून घड्याळ विकायचं ठरलं आणि त्यांनी मुंबईच्या एका व्यापाऱ्याला व्हॉट्सॲपवर फोटो पाठवले.

उत्तर दोन ओळींचं आलं. डायल डुप्लिकेट आहे. केस (घड्याळाचं धातूचं कवच) आणि मशीन खरं असेल तर तेवढ्याचे पैसे मिळतील.

ताईंनी कारणं विचारली. त्याने तीन सांगितली. एक, घड्याळ किती खोल पाण्यात चालतं ती खोली डायलवर उलटी लिहिली आहे: आधी मीटर, मग फूट, ‘खऱ्या’ घड्याळावर आधी फूट असतात. दोन, काट्यांचा रंग आणि डायलवरच्या ठिपक्यांचा रंग जुळत नाही. तीन, अक्षरं जाड आणि पसरट दिसतात.

नात्यातल्या एकांकडून ताई माझ्यापर्यंत पोचल्या. घड्याळ रुमालात बांधून आणलं होतं. म्हणाल्या, “दादा, भाव कमी आला तर येऊ द्या. पण आबांनी खोटं घड्याळ घातलं, असं हा माणूस कसं काय म्हणतो? तेवढं बघून सांगा.”

मला हे प्रकरण सविस्तर लिहावंसं वाटलं, कारण व्यापाऱ्याच्या तीन आक्षेपांपैकी एक साफ चुकीचा होता, एक बरोबर होता पण त्याचा निष्कर्ष चुकला होता, आणि तिसरा निव्वळ फोटोचा दोष होता. जुन्या डायव्हर घड्याळांच्या बाबतीत हे नेहमी घडतं. आणि आपल्या भागात अशी घड्याळं आहेत. मराठवाड्याला समुद्र नसला तरी इथली माणसं जहाजांवर गेली, आखातात गेली, आणि येताना हातावर सेको, रोलेक्स, फाव्र-ल्यूबा घेऊन आली. ही घड्याळं आता कपाटांतून बाहेर निघत आहेत आणि पहिला प्रश्न डायलचाच येतो, कारण जुन्या घड्याळाच्या किमतीतला सगळ्यात मोठा वाटा डायलचा असतो.

‘डुप्लिकेट’ म्हणजे नेमकं काय?

बाजारात हा एकच शब्द चार वेगळ्या गोष्टींसाठी वापरतात. डायल मूळची असू शकते, म्हणजे घड्याळ कारखान्यातून निघालं तेव्हाचीच. डायल कंपनीचीच पण नंतर सर्व्हिसिंगमध्ये बसवलेली असू शकते. तिला सर्व्हिस डायल म्हणतात. मूळ डायल खरवडून पुन्हा रंगवलेली, किंवा तिच्यावरचा चमकणारा लेप नव्याने भरलेला असू शकतो. आणि शेवटी, कुणी तिसऱ्यानेच बनवलेली नकली डायल असू शकते. या चारांमध्ये किमतीचा फरक प्रचंड आहे, आणि नीतीचाही. सर्व्हिस डायल ही फसवणूक नाही. ती सांगितली नाही तर फसवणूक होते.

पुन्हा रंगवलेल्या डायलींशी आपण चांगले परिचित आहोत. परदेशी घड्याळांची आयात अवघड होती, सुट्या डायली मिळत नव्हत्या, तेव्हा डाग पडलेली डायल घासून नव्याने छापून देणं हे आपल्याकडच्या घड्याळजींचं रोजचं, सरळ काम होतं. गिऱ्हाइकाला डायल स्वच्छ हवी असायची, तशी ती मिळायची. आज जगभरचे संग्राहक अशा घड्याळांना ‘मुंबई स्पेशल’ म्हणतात आणि लांब राहतात. ओळखू यायला त्या कठीण नसतात: मिनिटांच्या रेघा बसवलेल्या खुणांशी जुळत नाहीत, तळाशी देशाचं नाव गायब असतं किंवा वाकडं असतं, आणि पुष्कळदा रंगच असा असतो की कंपनीने त्या मॉडेलमध्ये तो कधी काढलेलाच नाही. ताईंच्या घड्याळात यातलं काही दिसत नव्हतं. पण नुसतं ‘दिसत नव्हतं’ एवढ्यावर मी निर्णय देणार नव्हतो.

आधी घड्याळाचं वय

डायल बघण्याआधी बाकीचं घड्याळ बघायचं, हा माझा आग्रह आहे. नवशिका थेट डायलवर भिंग धरतो, इंटरनेटवरच्या फोटोशी ताडून बघतो आणि गोंधळतो. डायल कोणत्या वर्षीची असायला हवी हेच माहीत नसेल तर ताडणार कशाशी?

हे काम संभाजीनगरात शहागंजच्या घड्याळ-मनोऱ्यापासून जवळच एका जुन्या दुकानात केलं. दुकान चालवणारे चाचा आता थकले आहेत, पण हात स्थिर आहे. पट्टा काढल्यावर केसच्या दोन बाजूंना, लगांच्या (पट्टा अडकवायच्या शिंगांच्या) मध्ये, आकडे दिसतात. बाराच्या बाजूला मॉडेल नंबर, सहाच्या बाजूला सिरियल नंबर. मॉडेल ५५१३ स्वच्छ वाचता आलं. सिरियल १८ लाखांच्या घरातला निघाला. रोलेक्सने सिरियल नंबरांचा अधिकृत तक्ता कधी प्रसिद्ध केला नाही; संग्राहकांनी पावत्या आणि कागदपत्रांवरून जो जुळवला आहे त्यात १८ लाख म्हणजे साधारण १९६८. तक्त्यात वर्षभर इकडेतिकडे होऊ शकतं हे धरूनच चालायचं.

मग मागचं झाकण उघडलं. त्या काळातल्या रोलेक्सच्या झाकणाच्या आतल्या बाजूला तिमाही आणि वर्षाचा ठसा असे, तिमाही रोमन आकड्यात. इथे रोमन दोन आणि पुढे ६८ होतं. म्हणजे केस १९६८ च्या दुसऱ्या तिमाहीतली. मशीन १५२० कॅलिबर (कंपनीचा मशीनचा क्रमांक), या मॉडेलला या काळात जे असायला हवं तेच. चावी द्यायच्या मुकुटाला दोन्ही बाजूंनी जपणारे केसचे खांदे गोलसर होते. साठीच्या दशकाच्या पूर्वार्धातल्या घड्याळांचे खांदे टोकदार असत. केसला कधीतरी पॉलिश झालेलं होतं, कडा मऊ पडल्या होत्या. बेझलवरची, म्हणजे काचेभोवतीच्या फिरत्या कड्यावरची, काळी पट्टी नंतरची, अलीकडची. ती दाबून बसवलेली असते, सैल झाली की निघून पडते आणि सहज बदलली जाते. तिच्यावर फार वेळ घालवला नाही.

केस, झाकण आणि मशीन एकाच वर्षाकडे बोट दाखवत होते, आणि आबांनी १९६९ मध्ये घेतलं ही घरची आठवणही त्याला धरून होती. आता प्रश्न नेमका झाला: १९६८ च्या ५५१३ वर कोणती डायल असते?

खोलीची ओळ

५५१३ हे मॉडेल १९६२ ते १९८९ असं सत्तावीस वर्षं निघत राहिलं. एवढ्या काळात डायल अनेकदा बदलली. सुरुवातीची डायल काळी, काचेसारखी चकाकणारी आणि अक्षरं सोनेरी. तिला ‘गिल्ट’ म्हणतात. ती अक्षरं वरून छापलेली नसतात. खालचं पितळ अक्षरांच्या जागी उघडं ठेवून बाकी पृष्ठभाग विद्युत-प्रक्रियेने काळा केलेला असतो, त्यामुळे अक्षर पृष्ठभागाच्या किंचित खाली असतं. साधारण १९६६-६७ मध्ये गिल्ट जाऊन मॅट डायल आली: दाणेदार, न चकाकणारा काळा रंग आणि त्यावर पांढऱ्या शाईत छापलेली अक्षरं. १९८४ च्या आसपास पुन्हा चकाकी आली, या वेळी प्रत्येक ठिपक्याभोवती पांढऱ्या सोन्याची कड घेऊन.

मॅट डायलींच्या आत आणखी पोटभेद आहेत, आणि आपल्या प्रकरणाची किल्ली तिथे आहे. गिल्ट डायलवर खोली ‘२००एम = ६६०एफटी’ अशी, मीटर आधी, लिहिलेली असे. मॅट डायल आली तेव्हा शब्दांचा हाच क्रम पुढे चालू राहिला. १९६९-७० च्या सुमारास तो उलटला: ‘६६०एफटी = २००एम’. संग्राहक पहिल्या प्रकाराला ‘मीटर्स फर्स्ट’ आणि दुसऱ्याला ‘फीट फर्स्ट’ म्हणतात.

आता हिशेब करा. मीटर आधी असलेली मॅट डायल जेमतेम तीन-चार वर्षं निघाली. फूट आधी असलेल्या डायली त्यानंतर जवळपास वीस वर्षं. म्हणजे कुणीही ५५१३ चे फोटो शोधायला बसला तर त्याच्यासमोर फूट आधी असलेल्यांचा ढीग येणार आणि मीटर आधी असलेली एखाददुसरीच. ढिगात जे जास्त दिसतं ते खरं आणि कमी दिसतं ते खोटं, अशी समजूत व्हायला वेळ लागत नाही. व्यापाऱ्याचा पहिला आक्षेप इथूनच आला होता. वस्तुस्थिती नेमकी विरुद्ध होती. १९६८ च्या केसमध्ये मीटर आधी असलेली मॅट डायलच बसते. फूट आधी असलेली निघाली असती तर तीच नंतर बदललेली आहे का, हे विचारावं लागलं असतं.

असे बदल कंपन्या का करतात? या प्रश्नाचं उत्तर ठाऊक असलं की पोटभेद पाठ करावे लागत नाहीत. कधी कायदा बदलतो. सेकोच्या ६१०५ या डायव्हर घड्याळाच्या आधीच्या डायलींवर ‘वॉटर १५०एम प्रूफ’ आहे आणि नंतरच्यांवर ‘वॉटर १५०एम रेझिस्ट’, कारण अमेरिकेत घड्याळाला सरसकट ‘वॉटरप्रूफ’ म्हणण्यावर व्यापार-नियमांनी बंधन आलं. कधी किरणोत्साराची भीती कारण ठरते. ब्लांपॅनने साठीच्या दशकात काही फिफ्टी फॅदम्सच्या डायलवर किरणोत्साराचं चिन्ह छापून त्यावर काट मारली होती, आत रेडियम नाही हे पाणबुड्याला ठळक कळावं म्हणून. आणि पुष्कळदा कारण अगदी कारखान्यातलं असतं. रोलेक्स त्या काळात डायली स्वतः न बनवता सिंगर, बायलर अशा डायल-कारखान्यांकडून घेत असे. कारखाना बदलला, छपाईची पट्टी झिजून नवी कोरली, की डायलवर छापलेल्या मुकुटाच्या चित्राची टोकं, एखाद्या अक्षराचा पाय, दोन ओळींतलं अंतर बदलतं. तारीख दाखवणाऱ्या १६८० या सबमरिनरची ‘लाल’ डायल बघा. तिथे ‘६६०’ मधल्या सहाचं पोट उघडं आहे की बंद, यावरून संग्राहक डायलचा पोटभेद, म्हणजे मार्क क्रमांक, ठरवतात.

हे मार्क क्रमांक कंपनीने दिलेले नाहीत. संग्राहकांनी शेकडो घड्याळं शेजारी ठेवून ते नंतर लावले. दोन कारखाने एकाच वेळी डायली पुरवत असतील तर दोन ‘मार्क’ एकाच महिन्यात बाहेर पडलेले असू शकतात. म्हणून मार्क क्रमांकाला जन्मतारखेसारखं वागवू नये. कोणता मार्क कोणत्या काळात आढळतो एवढंच त्यावरून बोलता येतं, आणि माझ्या मते प्रामाणिक तपासणीत त्याहून जास्त बोलूही नये.

तळाच्या ओळीचंही बघून घेतलं. सहाच्या खाली ‘स्विस – टी < २५’ होतं. ‘टी’ म्हणजे ट्रिटियम, चमकणाऱ्या लेपातला किरणोत्सारी पदार्थ, आणि २५ ही त्याची मर्यादा, मिलिक्युरी या किरणोत्साराच्या मापात. १९६८ ला हीच ओळ असायला हवी. आबांच्या घड्याळावर नंतरच्या काळातली सर्व्हिस डायल असती तर इथे नुसतं ‘स्विस’ किंवा ‘स्विस मेड’ असण्याची शक्यता होती, कारण १९९८ च्या आसपास रोलेक्सने ट्रिटियम सोडून ल्युमिनोव्हा हा किरणोत्सार नसलेला लेप घेतला आणि तळाची ओळ त्याप्रमाणे बदलली.

ठिपके आणि काटे

ताई पहिल्याच भेटीत म्हणाल्या होत्या, “रेडियम उडालंय त्याचं, अंधारात आकडे चमकत नाहीत, नुसते काटे चमकतात.” आपल्याकडे चमकणाऱ्या सगळ्यालाच रेडियम म्हणतात. पण ताईंचं निरीक्षण अचूक होतं, आणि व्यापाऱ्याच्या दुसऱ्या आक्षेपाचा सगळा उलगडा त्यात होता.

तीन वेगळे लेप डायव्हर घड्याळांत येऊन गेले. पहिला खरोखरचा रेडियमचा. रेडियम-२२६ चं अर्धायुष्य, म्हणजे ते निम्मं उरायला लागणारा काळ, १६०० वर्षं. लेपातला चमकणारा पदार्थ थकून विझतो, पण रेडियम तितकंच जिवंत असतं. अशी डायल घरी उघडू नये, तिच्यावरची धूळ फुंकू नये, खरवडू तर मुळीच नये. श्वासातून ती पूड शरीरात जाणं धोक्याचं आहे. साठीच्या दशकाच्या सुरुवातीला रेडियम गेलं आणि ट्रिटियम आलं. त्याचं अर्धायुष्य १२.३ वर्षं. १९६८ पासून आजवर अशी साडेचारहून जास्त अर्धायुष्यं उलटली, म्हणजे मूळ ट्रिटियमपैकी चार टक्क्यांच्या आसपासच उरलं. शिवाय त्याच्या माऱ्याने सोबतचं झिंक सल्फाइड, म्हणजे प्रत्यक्ष चमकणारा पदार्थही, निकामी होतं. तिसरा ल्युमिनोव्हा. त्यात किरणोत्सार नाही. उजेड पिऊन ठेवतो आणि अंधारात तासन्‌तास हिरवट प्रकाश देतो.

तेव्हा १९६८ ची डायल अंधारात चमकत नाही, हा तिच्या बाजूचा पुरावा आहे. चमकली असती तर काळजी वाटली असती.

भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या माझ्या एका स्नेह्यांनी त्यांचं गायगर काउंटर, म्हणजे किरणोत्सार मोजायचं यंत्र, आणलं. घड्याळाच्या काचेवर धरल्यावर ते खोलीच्या नेहमीच्या पातळीवरच टिकटिकत राहिलं. यातून एवढंच कळलं की रेडियम नाही. ट्रिटियमचे बीटा कण इतके दुबळे असतात की ते काचेतून बाहेरच येत नाहीत, तेव्हा काउंटर गप्प राहिलं म्हणून ट्रिटियम सिद्ध होत नाही, आणि नकली डायलवरही ते गप्पच राहिलं असतं. पण आता घड्याळ निर्धास्तपणे उघडता येणार होतं, आणि माझ्यासाठी ही चाचणी तेवढ्यासाठीच महत्त्वाची होती.

मग अंधाऱ्या खोलीत अतिनील टॉर्च. डायलवरचे ठिपके टॉर्चखाली मंद उजळले आणि टॉर्च विझताच विझले. काटे मात्र भक्क हिरवे पेटले आणि पेटतेच राहिले. इथे निकाल स्पष्ट होता. डायल आणि काटे वेगवेगळ्या काळातले आहेत. डायलवरचा लेप जुन्या प्रकारचा, काट्यांवरचा १९९८ नंतरचा. व्यापाऱ्याने जे पाहिलं ते खरं होतं, रंग जुळत नव्हते. त्याने दोष डायलला दिला, आणि नवे होते काटे.

ताईंनी तिथूनच दुबईतल्या भावाला फोन लावला. त्यांना आठवलं: वीसेक वर्षांपूर्वी आबांनी घड्याळ त्यांच्याकडे पाठवलं होतं, तिथल्या एका दुरुस्ती केंद्रात सर्व्हिसिंग झालं, “काटे खराब झाले होते, नवे घातले म्हणाले होते.” जुने काटे परत मिळाले नव्हते. घरच्या आठवणीवर मी आधी विसंबत नाही, पण चाचणीतून निघालेल्या गोष्टीला आठवण दुजोरा देत असेल तर ती अहवालात लिहिण्यासारखी असते.

ठिपके भिंगाखाली दहापट मोठे करून पाहिले. या मॉडेलला तारीख नाही. बाराला त्रिकोण, तीन, सहा, नऊला उभ्या पट्ट्या आणि बाकी आठ गोल ठिपके. सगळ्यांचा रंग सायीसारखा, चारचा किंचित गडद. पृष्ठभागावर केसाएवढ्या भेगा, कडा स्वच्छ, कुठेही लेप ओघळून मिनिटांच्या रेघेवर चढलेला नाही. हाताने पुन्हा भरलेल्या ठिपक्यांत कडा फुगीर असतात, आणि खाली जुन्या ठिपक्याची कड डोकावते. ठिपके इतके चांगले राहिले याचं श्रेय काही अंशी आपल्या हवेलाही द्यायला हवं. अशा लेपाचा मोठा शत्रू दमटपणा. आबांच्या निवृत्तीनंतर हे घड्याळ अंबाजोगाईच्या कोरड्या हवेत, लोखंडी कपाटात, उन्हापासून दूर राहिलं.

डायल उघडावी की नाही

यावर आमचा बराच वेळ गेला. चाचांचा विरोध होता. “डायल को पानी, पेट्रोल, कुछ नक्को लगाव. जैसी है वैसी रहने देव.” त्यांच्या म्हणण्यात पिढ्यांचा अनुभव होता. जुने काटे उपटताना त्यातला वाळलेला लेप भुगा होऊन पडतो, हत्यार घसरलं तर मॅट रंगावर कायमचा ओरखडा राहतो. एका साध्या पुसण्याने अर्धी छपाई निघून गेलेल्या डायली आम्ही दोघांनी पाहिल्या आहेत. अंबाजोगाईत कुणीतरी ताईंना डायल ‘चमकवून’ देतो म्हणालं होतं; त्यांनी ती दिली नाही ही या प्रकरणातली सगळ्यात मोलाची गोष्ट.

तरी मी उघडण्याच्या बाजूने होतो. काटे नवेच असल्याने त्यांचा लेप पडण्याची भीती नव्हती, मशीनला तेलपाणी करायचंच होतं, आणि नकली डायलचा प्रश्न मागची बाजू बघितल्याशिवाय कायमचा मिटत नाही. पुढची बाजू आता फार सफाईने बनवतात. मागच्या बाजूवर तितकी मेहनत कुणी घेत नाही. चाचा अखेर कबूल झाले. डायलवर पातळ प्लास्टिकचा कागद अंथरून त्यांनी काटे काढले, बाजूचे दोन स्क्रू ढिले करून डायल उचलली आणि बोट न लावता उलटी ठेवली.

मागे पितळ, वयाप्रमाणे काळवंडलेलं. डायल मशीनवर बसवणाऱ्या बारीक खुंट्या, म्हणजे दोन्ही पाय, जागच्या जागी, मूळचे. डिंक, कथील, घासल्याची खूण काही नाही. पायाच्या जागा मशीनच्या भोकांशी ओढाताण न करता बसत होत्या. कडेला केसच्या आतल्या रिंगचा बारीक वर्तुळाकार ठसा उमटलेला होता, आणि तो एकच. डायल वेगळ्या केसमधून आणून बसवली असती तर असे दोन ठसे, थोडे सरकलेले, सापडण्याची शक्यता असते.

डायल काचेखालून बाहेर आल्यावर तिसरा आक्षेप आपोआप गळाला. या घड्याळाची काच ॲक्रिलिकची, घुमटासारखी, आणि ताईंच्या घड्याळावर ती ओरखड्यांनी भरलेली होती. त्यातून ट्यूबलाइटखाली काढलेला, व्हॉट्सॲपने दाबून बारीक केलेला फोटो, त्यात अक्षरं पसरट दिसणार नाहीत तर काय? उघड्या डायलवर अक्षरं कातीव होती, शाई मॅट पृष्ठभागावर किंचित उठलेली, शेजारच्या दाण्यांत झिरपलेली नाही. मुकुट, ‘ऑयस्टर परपेच्युअल’ आणि खालच्या दोन ओळी, यांत कोणतं अक्षर कोणत्या अक्षराच्या बरोबर खाली येतं हे त्या काळातल्या मीटर आधी असलेल्या डायलींच्या चांगल्या फोटोंशी जुळवून पाहिलं. जुळलं. अक्षराचा आकार नकलेत साधतो, पण ओळींचं एकमेकांशी असलेलं नातं चुकतं, म्हणून मी नेहमी या जुळवणीवर जास्त भर देतो.

ज्यांना असे फोटो पाठवायचे असतील त्यांनी दिवसा, खिडकीजवळ पण थेट उन्हात नाही, फ्लॅश बंद करून, कॅमेरा डायलच्या अगदी समोर धरून काढावेत. एक पूर्ण डायलचा, एक वरच्या अक्षरांचा, एक खोलीच्या ओळीचा, एक सहाच्या खालच्या ओळीचा. आणि ते फाइल म्हणून पाठवावेत, म्हणजे दाबले जात नाहीत.

अहवाल आणि पुढे

ताईंना लिहून दिलेला मजकूर असा होता: “रोलेक्स सबमरिनर ५५१३. सिरियल आणि झाकणाच्या ठशावरून केस १९६८ ची. मशीन १५२०, काळाला धरून. डायल मॅट, मीटर आधी, स्विस – टी < २५. पुढून-मागून तपासली, पुन्हा रंगवल्याची किंवा लेप भरल्याची खूण नाही, केसच्या काळाशी सुसंगत. तिन्ही काटे नंतरचे, १९९८ नंतरच्या लेपाचे. बेझलची पट्टी नंतरची. केस पॉलिश झालेली. काच ओरखडलेली, तशीच ठेवली आहे.” सोबत प्रत्येक वाक्याचा फोटो.

‘सुसंगत’ हा शब्द मुद्दाम ठेवला. ही डायल त्याच दिवशी त्याच केसमध्ये बसवली गेली असं कुणी शपथेवर सांगू शकत नाही. ती त्या काळची आहे, कंपनीची आहे, आणि तिला हात लागलेला नाही, एवढं सांगता येतं. किमतीचा आकडा अहवालात लिहिला नाही. तपासणारा आणि भाव करणारा वेगळा असावा.

पुण्याच्या एका संग्राहकांनी अहवाल वाचून रस दाखवला. ते संभाजीनगरला आले, चाचांच्या दुकानात बसून स्वतः भिंग लावलं, डायलवर समाधानी झाले. मग त्यांनी विचारलं, विकण्याआधी काट्यांवर सायीच्या रंगाचा लेप देऊन डायलशी रंग जुळवून मिळेल का? असे लेप मिळतात आणि काम चाचांना सहज जमलं असतं. मी आणि चाचा दोघेही नाही म्हणालो. आज खरेदी करणाऱ्याला कळेल की हे काटे नवे आहेत. जुना रंग चढवला की पुढच्या, त्याच्या पुढच्या मालकाला ते कळणार नाही, आणि आमचा अहवाल तोवर हरवलेला असेल. त्या काळचे खरे ट्रिटियमचे काटे शोधून बसवायचे असतील तर त्यांनी ते जरूर करावं, तसं लिहूनही ठेवावं. त्यांना ते पटलं, आणि व्यवहार काटे आहेत तसे ठेवून झाला. व्यापाऱ्याने सांगितलेल्या रकमेपेक्षा ताईंना बरंच जास्त मिळालं.

घड्याळ देण्याआधी ताईंनी आबांची ट्रंक पुन्हा उपसली आणि त्यांचं सीडीसी, म्हणजे खलाशाचं नोंदपुस्तक, सापडलं. कोणत्या जहाजावर कधी चढले, कधी उतरले याच्या शिक्क्यांसह नोंदी त्यात आहेत, आणि १९६९ चं पान शाबूत आहे. मूळ पुस्तक त्यांनी स्वतःकडे ठेवलं. त्या पानाची साक्षांकित प्रत अहवालाला जोडली, आणि खाली पुढच्या सर्व्हिसिंगसाठी एक ओळ वाढवली: डायल बदलू नये, धुऊ नये, केसला पुन्हा पॉलिश करू नये, आणि काढलेला प्रत्येक भाग मालकाला परत द्यावा.